छातीभर पाण्याच्या शोधात: स्तान्योने खाजणातील सहा दिवस

पहिला दिवस

इटलीच्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला, त्रापानी आणि मार्साला या दोन शहरांच्या मध्ये, स्तान्योने नावाचे खाजण आहे. नावाचा अर्थच मुळी ‘मोठे तळे’ असा होतो. समुद्राच्या बाजूला इसोला ग्रांदे हे लांबट आणि अगदी सखल बेट आडवे पडलेले असल्यामुळे मोकळ्या समुद्रातील लाटा बाहेरच अडतात. बेटाला उंची नसल्यामुळे वारा मात्र त्याच्यावरून विनाअडथळा आत येतो. विंडसर्फिंग करणाऱ्याला याहून अधिक काही मागण्यासारखे नसते. आम्हाला मात्र होते, आणि ते काय होते हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले.

त्रापानी-बिर्जीचा विमानतळ या खाजणाच्या अगदी जवळ आहे. विमान खाली येताना पाण्याचे रंग दिसत होते: काठाशी पांढुरका, मग फिकट पोपटी आणि मध्येच गर्द, जवळजवळ काळा वाटावा असा डागाळलेला पट्टा. शेजारी बसलेल्या मित्राला मी म्हणालो, “अरे, तो काळा भाग खोल असणार, आपल्याला तिथेच जायचे आहे.” हा माझा पहिला चुकीचा अंदाज. तो काळा भाग खोलीचा नव्हता, पोसिडोनिया या समुद्री गवताचा होता.

आम्ही दोघेही साध्या, तळाला फिन म्हणजे छोटा उभा कल्ला लावलेल्या बोर्डावर बरीच वर्षे घालवलेली माणसे आहोत. फॉइलवर उडायला गेल्या वर्षी शिकलो, पण तेही आखूड, उसळत्या लाटांच्या पाण्यात, जिथे प्रत्येक धक्क्याला बोर्डाचे नाक खाली जाते आणि आपण नेमके कुठे चुकलो हे कळण्याआधीच माणूस पाण्यात असतो. म्हणून सपाट पाणी हवे होते. ‘पाणी काचेसारखे सपाट, आणि कुठेही पडलात तरी उभे राहता येते,’ असे या जागेचे वर्णन आम्ही सगळीकडे ऐकले होते. ते अक्षरशः खरे निघाले. फक्त ते फॉइलवाल्यांसाठी केलेले नव्हते. ते पतंगाच्या ओढीवर बोर्ड चालवणाऱ्या काइटसर्फिंगवाल्यांसाठी होते, ज्यांच्या बोर्डाला तरंगायला वीतभर पाणी पुरते.

फॉइल म्हणजे बोर्डाच्या तळाला फिनच्या जागी बसवलेला उभा दांडा, त्याच्या खालच्या टोकाला विमानाच्या धडासारखी आडवी नळी, तिच्या पुढच्या टोकाला मोठा पंख आणि मागच्या टोकाला छोटा. वेग आला की हे पंख बोर्डाला पाण्याबाहेर उचलून धरतात, त्यालाच आम्ही उडणे म्हणतो. फॉइलवाले या दांड्याला ‘मास्ट’ म्हणतात, पण शिडाच्या डोलकाठीलाही मास्टच म्हणतात, त्यामुळे गल्लत टाळण्यासाठी मी त्याला दांडाच म्हणणार आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगच्या शर्यती पहिल्यांदाच फॉइलवर, मार्सेच्या समुद्रात झाल्या आणि महिलांचे सुवर्ण इटलीच्याच मार्ता माज्जेत्तीने जिंकले. त्या आयक्यूफॉइल प्रकारात दांडा ९५ सेंटिमीटरचा असतो. आमचा ७५ सेंटिमीटरचा होता. बोर्ड आणि शिडे भाड्याची, फॉइल मात्र आमचे स्वतःचे.

संध्याकाळी वारा नव्हता, म्हणून हिशेब मांडला. दांडा ७५ सेंटिमीटर, त्याखाली नळी आणि पंखाची जाडी पाचेक, आणि माणूस उभा राहिल्यावर बोर्ड पाण्यात आठदहा सेंटिमीटर बसतो ते वेगळे. म्हणजे न उडता नुसते तरंगायलाच नव्वद सेंटिमीटर पाणी हवे. त्यात बोर्ड एका अंगाला कलला की पंखाचे खालचे टोक आणखी खाली जाते. आमच्या पंखाचा विस्तार ९० सेंटिमीटर. वीस अंश कलल्यावर दांडा तिरका झाल्याने थोडी खोली वाचते, तरीही एकंदरीत दहा-बारा सेंटिमीटर जास्त लागतात. मीटरभर पाणी हे म्हणजे काठावर पास होण्यासारखे झाले. कमरेपर्यंतचे पाणी पुरत नाही, छातीपर्यंतचे हवे, असा आमचा निष्कर्ष निघाला. एका जुन्या, लांब काठीवर ९० सेंटिमीटरला लाल आणि १२५ सेंटिमीटरला निळी चिकटपट्टी गुंडाळली आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे त्या पाण्यात काठी खुपसत हिंडलो. तीनशे पावले गेलो तरी पाणी गुडघ्यावर चढेना. लाल पट्टी भिजली तेव्हा किनाऱ्यावरची माणसे ठिपक्याएवढी झाली होती.

दुसरा दिवस

सकाळी वायव्येकडून माएस्त्राले नावाचा वारा सुरू झाला. वाऱ्याचा वेग दहा ते बारा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी पावणेदोन-दोन किलोमीटर), शीड सहा चौरस मीटरचे. फिनच्या बोर्डावर एवढ्या वाऱ्यात नुसते उभे राहून गप्पा माराव्या लागतात. फॉइलवर मात्र एवढे पुरते. त्याचे कारण साधे आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्यामुळे छोटासा पंखही पाण्यात माणसाला उचलू शकतो, आणि उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी बारा-पंधरा किलोमीटर गाठले की काम झालेच.

तिथवर पोहोचणे हाच मोठा खटाटोप होता. उथळ पाण्यातून फॉइल लावलेला बोर्ड सरळ ढकलता येत नाही. दांडा वाळूत रुततो. बोर्ड कुशीवर आडवा करून, दांडा पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर ठेवून, एका हाताने बोर्डाची कड आणि दुसऱ्या हाताने शिडाची डोलकाठी धरून चालत राहायचे. पंख त्या वेळी शेजारी धारदार कोयत्यासारखा तरंगत असतो आणि आपली पोटरी त्याच्यापासून हातभरच दूर असते. पायात जाड तळाचे बूट आणि पायभर निओप्रीन घातले नसते, तर हे वर्णन वेगळे झाले असते. आम्ही काठी सोबत घेतली होती. निळी पट्टी भिजेपर्यंत कोणी बोर्डावर चढायचे नाही, असे ठरले होते.

पहिल्या दोन खेपा नाकावर आपटण्यात गेल्या. तिसऱ्या खेपेला बोर्डाखालची खळखळ थांबली. ही खळखळ थांबणे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून फारसा उपयोग नाही. सपाट पाण्यात तो क्षण फार स्पष्ट असतो, कारण इतर कोणताच आवाज नसतो. उरते ती शिडाची बारीक फडफड आणि दांडा पाणी कापत असताना येणारी शिट्टीसारखी कुजबुज.

पण सपाट पाण्याची एक अडचण आहे, ती आधी कुणी सांगितली नव्हती. लाटा नसल्यामुळे आपण किती उंच आहोत हेच कळत नाही. नजर जिथे टाकावी तिथे एकसारखा तकतकीत पृष्ठभाग. उंची कळली नाही की माणूस नकळत मागच्या पायावर भार देत राहतो, बोर्ड वर वर चढतो, पुढचा पंख पाण्याबाहेर डोकावतो, त्याच्यावर हवा शिरते आणि उचल क्षणात नाहीशी होते. मग बोर्डाचे नाक पाण्यात आणि माणूस शिडावर. सकाळभर मी हेच केले.

दुपारी उपाय सापडला तो वाळूवर. पाणी स्वच्छ, तळ पांढरा आणि ऊन कडक, त्यामुळे बोर्डाची सावली तळावर स्वच्छ पडत होती. बोर्ड पाण्यावर टेकलेला असतो तेव्हा सावली त्याला चिकटून असते. उचलला गेला की ती हळूच बाजूला सरकू लागते, आणि बोर्ड व सावली यांच्यातली फट वाढत जाते. ही फट हेच आमचे उंचीमापक. फट वाढली की पुढच्या पायावर भार, कमी झाली की मागच्या. किनाऱ्याकडून निघताना सूर्य अशा बाजूला होता की सावली दिसे. परतताना ती शिडाआड जाई. त्यामुळे आमच्या जाण्याच्या खेपा सुरेख आणि येण्याच्या खेपा दारू प्यायल्यासारख्या, असा प्रकार दिवसभर चालला.

तिसरा दिवस

वारा फिरला. आग्नेयेकडून शिरोको आला: उष्ण, कोरडा आणि लहरी. तो जमिनीवरून येत असल्याने पाण्यावर लाट नावालाही नव्हती, पण झोत मात्र असे की अठरा नॉट वाहता वाहता एकदम दहावर यावा आणि पुन्हा बावीसवर जावा. साडेचार चौरस मीटरचे शीड लावले. आमच्या प्रशिक्षिकेने निघताना एवढेच सांगितले की, आज वाऱ्याकडे नव्हे तर पाण्याच्या रंगाकडे पाहा. मी मान डोलावली आणि अर्ध्या तासात विसरलो.

झाले ते असे. दीड तास बरे उडल्यावर माझा आत्मविश्वास वाढला होता. एका खेपेला बोर्ड पाण्यापासून हातभर उंच होता, वेग चांगला होता, आणि मी वळायच्या जागेपलीकडे तसाच पुढे गेलो. खालचे पाणी पोपटीवरून पांढुरके झाले हे मला दिसत होते, पण त्याने काही बिघडत नव्हते, कारण उडत असताना दांड्याचा निम्मा भाग हवेत असतो आणि पंखाला चाळीस सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरते. त्या पाण्यात मी तरंगू शकत नव्हतो, उडू मात्र शकत होतो. म्हणजेच जिथे थांबणे शक्य नाही अशा जागी मी मजेत चाललो होतो, आणि मला थांबवण्यासाठी वाऱ्याने एकदा श्वास घेणे पुरेसे होते.

त्याने तो घेतला. शीड हलके झाले, बोर्ड खाली बसू लागला, आणि बोर्ड पाण्याला टेकण्याआधी पंख वाळूला टेकला. करवतीचा दात दगडावर घासावा तसा एक आवाज आला, बोर्ड जागच्या जागी थबकला आणि मी हार्नेसच्या, म्हणजे शिडाला अडकवायच्या कमरपट्ट्याच्या, आकड्यासकट शिडावरून पुढे फेकला गेलो. बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, सोडला नाही म्हणून पडलो तो पंखापासून लांब. आडवा, पसरून पडलो म्हणून मान वाचली. गुडघाभर पाण्यात डोके खाली करून पडण्याला क्षमा नसते. शिरस्त्राण होते. खांद्याला मुका मार बसला, आणि कोपर तळाच्या शिंपल्यांवर घासून सोलवटले. मित्र दुरूनच ओरडला, “हात-पाय हलवून दाखव!” ते हलत होते. पंखाच्या उजव्या टोकाचा मात्र नखाएवढा टवका उडाला होता, आणि दोष कोणावर ढकलण्याजोगी परिस्थिती नव्हती.

त्याच दुपारी मित्राची गाठ गवताशी पडली. पोसिडोनियाची पाने बोटभर रुंदीच्या फितीसारखी लांब असतात, आणि सुटलेली जुनी, तपकिरी पाने पाण्यात अधांतरी तरंगत राहतात. त्यातले एक पान दांड्याच्या धारेवर आडवे अडकले की दोन्ही बाजूंनी पाण्याचा फवारा उडू लागतो, बोर्ड थरथरतो. पंखावर अडकले तर उचलच कमी होते आणि बोर्ड कुणीतरी मागून धरल्यासारखा वागतो. उडता उडता ते झटकता येत नाही. थांबायचे, बोर्ड कुशीवर करायचा, पान सोडवायचे आणि पुन्हा निघायचे. आणि जिवंत गवताच्या पट्ट्यावरून कमी पाण्यात जायचेच नाही. त्याने फॉइल अडते हे एक, आणि हे खाजण १९८४ पासून राखीव निसर्गक्षेत्र आहे हे दुसरे. अतिशय मंद गतीने वाढणारी ही वनस्पती आमच्या पंखाने कापून काढावी, एवढे आमचे उडणे मोलाचे खचितच नाही.

चौथा दिवस

वारा अजिबात नाही. सकाळी पंखाचा टवका इपॉक्सीने भरला, तो वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर ओला करून घासला, आणि मग दिवस मोकळा होता म्हणून मार्सालाहून फाविन्याना बेटावर जाणारी हायड्रोफॉइल बोट धरली. इथे तिला ‘अलिस्काफो’ म्हणतात. फॉइलची सुट्टी घेऊन फॉइलवरच बसायला निघालो, यावर मित्राने यथेच्छ थट्टा केली. पण माझ्या दृष्टीने सहा दिवसांतला सर्वांत उद्बोधक तास त्या धक्क्यावर गेला.

धक्क्याला लागलेल्या बोटीचे पंख नितळ पाण्यात स्पष्ट दिसत होते. ते आमच्या पंखांसारखे आडवे आणि पूर्ण बुडालेले नसतात, तर दोन्ही बाजूंना वर चढत जाणारे, उथळ द्रोणासारखे असतात, आणि बोट धावू लागली की त्यांची टोके पाण्याबाहेर येतात. यात एक शहाणपण दडलेले आहे. बोट जितकी वर येईल तितका पंखाचा पाण्यातला भाग कमी होतो, म्हणून उचलही कमी होते आणि बोट आपोआप खाली येते. खाली आली की पाण्यातला भाग वाढतो आणि ती पुन्हा वर येते. उंची राखण्याची चिंता पंखच वाहतो. आमच्या फॉइलचा पंख मात्र पूर्णपणे पाण्याखाली असल्यामुळे आपण अर्धा हात खोल आहोत की दीड हात, याचे त्याला जवळजवळ सोयरसुतकच नसते. ती चिंता माणसाने दोन पायांवरच्या भाराने वाहायची. दुसऱ्या दिवशी मी वाळूवरच्या सावलीकडे का पाहत होतो, हे मला या धक्क्यावर नीट समजले.

या देशाचे आणि फॉइलचे नाते जुने आहे. एन्रिको फोर्लानिनी या इटालियन संशोधकाने १९०६ साली माज्जोरे सरोवरावर आपली हायड्रोफॉइल नौका ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाने चालवली होती. पुढे १९५६ मध्ये सिसिलीतल्याच मेसिना येथील रोद्रिकेझ कारखान्यात बांधलेली ‘फ्रेचा देल सोले’ ही बोट मेसिनाच्या सामुद्रधुनीत प्रवासी वाहतूक करू लागली. आमची बोटही बंदराबाहेर पडेपर्यंत सामान्य बोटीसारखीच जड चालली आणि मग वेग घेत उचलली गेली. परतताना मी मुद्दाम लक्ष ठेवले: बंदराच्या बरेच आधी, भरपूर पाणी असतानाच, कप्तानाने वेग कमी करून तिला खाली बसवले आणि उरलेले अंतर ती पोटावर सरकत आली. मित्र माझ्याकडे पाहून काहीच बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

पाचवा दिवस

माएस्त्राले परत आला, चौदा नॉट, एकसारखा. आज आम्ही उडण्याचा नव्हे तर उतरण्याचा सराव केला, आणि खरे सांगायचे तर तो पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

पाण्यावर सीमा आखली ती खुणांनी. काठीने निळ्या पट्टीची रेषा शोधली, तिच्या दोन टोकांना किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा जुळवल्या: एका बाजूला मीठागराची पवनचक्की आणि तिच्यामागचे एक झाड एका रेषेत आले की वळायचे, दुसऱ्या बाजूला एका पडक्या भिंतीचा कोपरा आणि विजेचा खांब. जुने कोळी नावा अशाच खुणांवर हाकतात. पाण्याचा रंग ढगाबरोबर बदलतो. पवनचक्की बदलत नाही. मग प्रत्येक खेपेला रेषेच्या पन्नास मीटर आधीच पुढच्या पायावर हळूहळू भार देत, शीड किंचित मोकळे सोडत, बोर्ड पाण्यावर टेकवायचा. एकदम नव्हे, विमान धावपट्टीला टेकते तसा. बोर्ड टेकला की वेग पटकन उतरतो, आणि मग तरंगत, निवांतपणे, शीड फिरवून वळता येते. उडत उडत वळण्याचा मोह मित्राला झाला आणि त्याने तो दोनदा साधलाही. वळताना बोर्ड आतल्या बाजूला कलतो आणि पंखाचे खालचे टोक किती खाली जाते हा पहिल्या संध्याकाळचा हिशेब मी त्याला ओरडून ऐकवत होतो. पडायची वेळ आलीच तर पाय खाली सोडून उडी मारायची नाही, मागे पाण्यावर बसल्यासारखे आडवे पडायचे, हेही दहा-वीस वेळा मुद्दाम करून पाहिले. काठावरून पाहणाऱ्यांना आम्ही पहिल्यांदाच बोर्डावर चढलेले वाटलो असणार.

या खाजणात एक जागा अशी आहे, जिथे फॉइल घेऊन फिरकण्याचा विचारही करू नये, आणि तीच या प्रवासातली माझी सर्वांत आवडती जागा ठरली. मध्यभागी मोत्सिया हे छोटेसे बेट आहे. तिथे फिनिशियन लोकांचे भरभराटीचे नगर होते. इसवीसनपूर्व ३९७ मध्ये सिसिलीतल्याच सिराक्यूज या ग्रीक नगराचा सत्ताधीश डायोनिसियस याने ते उद्ध्वस्त केले. बेटाच्या उत्तरेकडून मुख्य भूमीपर्यंत, सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा, इसवीसनपूर्व सहाव्या शतकातला दगडी रस्ता फिनिशियनांनी बांधला होता. मधल्या काळात समुद्राची पातळी चढली आणि तो रस्ता पाण्याखाली गेला. पण गेला तोही फार खोल नव्हे. दुपारी वारा पडल्यावर आम्ही बोर्डांवरून फॉइल उतरवून ठेवले, एक वल्हे घेतले आणि त्याच्या टोकाशी जाऊन थांबलो. दगडांच्या कडा शेवाळाखाली दिसत होत्या, पांढऱ्या वाळूतून सरळ बेटाकडे निघालेल्या. मी काठी बाजूला उभी धरली. पाणी लाल पट्टीच्या कितीतरी खाली राहिले. अडीच हजार वर्षांपूर्वी इथून गाड्या जात असत आणि आज तीच जागा नकाशात पाहून आम्ही वळसा घालत होतो.

संध्याकाळी शेवटच्या खेपेला किनाऱ्याकडे येताना पवनचक्की झाडाला भिडली, मी बोर्ड टेकवला, आणि पाण्यात पाय सोडले तेव्हा पाणी बरोबर छातीला लागले.

सहावा दिवस

सकाळी पाऊण तास, सात-आठ नॉट वारा, दोनदाच उचलला गेलो. बाकी वेळ सामान धुण्यात गेला. दांडा ॲल्युमिनियमचा, स्क्रू पोलादाचे आणि मध्ये खारे पाणी, हे तिन्ही एकत्र राहिले तर धातू खाल्ला जातो आणि स्क्रू जागीच जाम होतात, म्हणून प्रत्येक स्क्रू काढून, गोड्या पाण्याने धुऊन, आट्यांमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढून, ग्रीस लावून वेगळा ठेवला. काठी प्रशिक्षिकेला दिली. तिने तिच्यावर ६५ सेंटिमीटरच्या दांड्यासाठी आणखी एक, पिवळी पट्टी गुंडाळून घेतली. विमान संध्याकाळचे होते. दुपारी वारा चढताना दिसला, पण बोर्ड पुन्हा जोडले नाहीत.